बर्फावरच्या मुक्कामाचा जमाखर्च

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, नव्या चोपड्यांवर कुंकवाची बोटे उमटली, की आपल्या घरांतून एक विषय हमखास निघतो : यंदा थंडीत कोठे जायचे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नव्हते. महाबळेश्वर, माथेरान, नाहीतर तीर्थयात्रेला जोडून दोन दिवस इकडेतिकडे. पुढे केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या कंपनीसारख्या मराठी प्रवासी संस्थांनी मध्यमवर्गाला युरोपची वाट दाखविली. मे महिन्यात आपली मंडळी टिटलिसच्या शिखरावर अर्धा दिवस जाऊ लागली, एकमेकांच्या अंगावर बर्फाचे गोळे फेकून पुन्हा बसमध्ये येऊन बसू लागली. आता मात्र तरुण पिढीला एवढ्याने समाधान नाही. तिला ऐन जानेवारीत बर्फावर जायचे आहे, पायाला स्कीच्या पट्ट्या बांधून उतारावरून घसरायचे आहे, आणि तेही एखाद्या आलिशान रिसॉर्टमध्ये उतरून.

या इच्छेला नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. कमावलेला पैसा कुटुंबाने एकत्र आनंदात खर्च करावा, यात गैर ते काय? परंतु उन्हाळ्यातील युरोपची सहल आणि हिवाळ्यातील स्की-रिसॉर्ट या दोन वस्तू एका तराजूत तोलता येत नाहीत. पहिली फिरती असते. एखादे हॉटेल वाईट निघाले तर दुसऱ्या दिवशी सुटका होते. दुसरा मुक्काम असतो. सहा-सात दिवस तेच गाव, तीच खोली, तेच भोजनगृह. निवड चुकली तर ती आठवडाभर रोज सकाळी समोर उभी राहते.

आमच्या जुन्नर तालुक्यातील एका घाऊक व्यापारी कुटुंबाने या निवडीसाठी मला पाचारण केले. नोकरीच्या काळात त्यांचे ताळेबंद मी अनेक वर्षे तपासलेले. थोरले बंधू म्हणाले, "साहेब, आमच्या दुकानाचे आकडे तुम्ही पाहिलेत, आता आमच्या सुट्टीचेही पाहा." त्यांच्या अनुमतीने, नावगाव वगळून, ती हकीकत येथे देत आहे; कारण थोड्याफार फरकाने ती अनेक घरांची आहे.

कुटुंब नऊ जणांचे. आजींना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागले, त्यानिमित्त सर्वांनी मिळून कोठेतरी जायचे हे मूळ प्रयोजन. नातवाने, जो पुण्यात शिकतो, तीन स्थळे काढली होती : फ्रान्समधील कूर्शव्हेल, स्वित्झर्लंडमधील झेरमाट आणि आपले गुलमर्ग. पहिल्या पसंतीवर त्याने दोन रेघा ओढल्या होत्या. एका रविवारी ही सारी मंडळी घाटघरला निघाली होती. मलाही त्यांनी गाडीत घेतले.

घाटघर म्हणजे भंडारदऱ्याजवळचे नव्हे, तर आमचे, जुन्नरपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे, नाणेघाटाच्या माथ्यावरचे. जीवधनचा कडा समोर, त्याच्या अंगाला वानरलिंगीचा सुळका. भाताची कापणी होऊन खळ्यांवर झोडणी चालू होती. या पट्ट्यातला हिरडा हे येथील महादेव कोळी कुटुंबांचे रोख उत्पन्न. या घराण्याचे आजोबा याच गावांतून हिरडा खरेदी करीत आणि पायी फिरत. त्यामुळे वर्षातून एकदा घाटघरला येणे हा त्यांच्या घरचा रिवाज आहे. जेवणानंतर आम्ही घाटाच्या तोंडाशी गेलो. तेथे तो दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून जो ओळखला जातो. खाली गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांची मोजदाद त्यात आहे, आणि आपल्या देशातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी काही त्याच भिंतीवर आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातून जुन्नर-पैठणकडे जाणारा माल याच खिंडीतून चढे. पावसाळा सरला की तांडे निघत. हिवाळा हा व्यापाऱ्यांच्या प्रवासाचाच ऋतू होता, फक्त तो मौजेचा नव्हता. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ती आकड्यांची भिंत पाहून जरा अधिकच आपलेपणा वाटतो, हे वाचकांनी चालवून घ्यावे.

तेथेच कातळावर सतरंजी टाकून चर्चा सुरू झाली.

सुरुवात मी पैशापासून केली, कारण नातवाच्या कागदावर केवळ हॉटेलचे भाडे होते. स्की-रिसॉर्टमध्ये भाडे हा खर्चाचा एक हिस्सा असतो. लिफ्टचा पास वेगळा, आणि तो रोजचा असतो. स्की, काठ्या, बूट, शिरस्त्राण भाड्याने घ्यावे लागतात. शिक्षकाचे शुल्क वेगळे. नवशिक्यास ते टाळता येत नाही. विमानतळापासून डोंगरातल्या गावापर्यंतची वाहतूक वेगळी. कूर्शव्हेल ज्या 'तीन दऱ्यांच्या' प्रदेशात आहे, तेथे परस्परांना जोडलेले सुमारे ६०० किलोमीटरचे उतार आहेत, असे ते लोक अभिमानाने सांगतात. परंतु ज्याला अद्याप बर्फावर उभे राहता येत नाही त्याने ६०० किलोमीटरचे मोल का द्यावे? नवशिक्या आठवडाभर गावाजवळच्या एकाच सौम्य उतारावर पडत-उठत असतो. हे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी समुद्र भाड्याने घेण्यासारखे झाले. युरोपात उतारांना रंग दिलेले असतात : निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा अवघड, फ्रान्समध्ये निळ्याहूनही सोपा हिरवा असतो. रिसॉर्ट निवडताना एकूण लांबी न विचारता हिरवे-निळे उतार किती आणि ते हॉटेलपासून किती पावलांवर, एवढेच विचारावे.

मग पैसा कोठून येणार हा प्रश्न. धाकटे बंधू सहज म्हणाले, "सीसीत लिमिट शिल्लक आहे, तूर्त त्यातून काढू; मार्चपर्यंत भरून टाकू." येथे मात्र मी त्यांना थांबविले. कॅश क्रेडिटची मर्यादा बँक देते ती मालासाठी आणि उधारीसाठी. त्यातून सहलीचे पैसे उचलणे हा निधीचा दुरुपयोग ठरतो. शिवाय डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रांगड्या कांद्याची आवक सुरू होते, त्याच वेळी हातात रोकड लागते. उणे पडलेल्या भांडवलाची किंमत व्याजाच्या रकान्यात दिसत नाही. ज्या दिवशी स्वस्त माल समोर असून उचलता येत नाही त्या दिवशी ती कळते. आणि दुकानाच्या खात्यातून खर्च दाखवून आयकर वाचवू, हा विचारही मनात आणू नये. घरच्यांची सुट्टी हा व्यवसायाचा खर्च होत नाही, त्यावरील जीएसटीची वजावटही मिळत नाही. भागीदाराने स्वतःच्या उचल खात्यातून, शिल्लक असेल तेवढेच काढावे. 'आधी फिरा, मग फेडा' अशा कर्जांविषयी तर बोलायलाच नको. बर्फ वितळून जातो आणि हप्ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालू राहतात.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो, हे बहुतेकांना ठाऊक आहे; किती, हे मात्र गोंधळाचे आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांच्या वरील रकमेवर तो २० टक्के झाला; एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाखांवर नेली गेली. अर्थसंकल्पांत हे दर हलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी चालू दर आपल्या सीएंना विचारावा. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात करातून वळती होते किंवा परत मिळते. पण तोपर्यंत ती अडकून राहते आणि सहलीच्या अंदाजपत्रकात धरावी लागते. त्या दगडी रांजणाकडे बोट दाखवून मी म्हणालो, "यात टाकलेली जकात परत येत नसे, एवढा तरी आपला काळ सुधारला आहे." थोरले बंधू हसले नाहीत. त्यांचा मागील वर्षाचा परतावा अजून यायचा होता.

आणखी एक लहान बाब, जी परदेशात रोज भेडसावते. कार्ड यंत्रात घातले की यंत्र विचारते, रक्कम रुपयांत द्यायची की तेथील चलनात? रुपये पाहून आपल्याला धीर येतो आणि आपण रुपये निवडतो. तसे करू नये. तो विनिमय दुकानदाराच्या बाजूची संस्था आपल्या दराने करते आणि तो दर बहुधा महागच पडतो. फ्रँक किंवा युरो हेच निवडावे.

इतका वेळ आजी गप्प होत्या. नातवाने त्यांना झेरमाटचे छायाचित्र दाखविले, मॅटरहॉर्नचे ते त्रिकोणी शिखर, खाली दिव्यांनी उजळलेले गाव. आजींनी विचारले, "तिथे दिवस कधी मावळतो?"

या एका प्रश्नाने चर्चेची दिशाच बदलली. स्वित्झर्लंडमध्ये डिसेंबरअखेर सूर्यास्त साडेचार ते पाचच्या दरम्यान होतो. दरीतल्या गावात तर ऊन त्याआधीच निघून जाते. आजींचा चौविहार गेली पन्नास वर्षे मोडलेला नाही. आलिशान हॉटेले बहुधा 'हाफ बोर्ड' पद्धतीने, म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरून, भाडे आकारतात, आणि ते जेवण सात वाजता सुरू होते. म्हणजे जो सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही, त्याने सातही रात्रींच्या जेवणाचे पैसे भरून उपाशी झोपायचे, आणि चार वाजता, जेव्हा त्याला ताट हवे, तेव्हा स्वयंपाकघर बंद! रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारी साडेतीनला गरम जेवण मिळेल काय, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारावे. काही हॉटेले मान्य करतात. जे 'बघू' म्हणतात त्यांचे उत्तर 'नाही' असे समजावे.

पदार्थांचेही तसेच. 'व्हेजिटेरियन' ही पाटी पाहून निर्धास्त होता येत नाही. स्वित्झर्लंडची प्रसिद्ध राष्ट्रीय डिश फॉन्द्यू ही चीज वितळवून करतात. तिच्यात पांढरी वाइन असते, आणि ग्रुयेरसारखे पारंपरिक चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने दूध साकळवून बनवितात. दुसरा लोकप्रिय पदार्थ रोश्टी, तो केवळ बटाट्याचा. काही गोड पदार्थांत जिलेटिन असते. जपानमधील निसेकोची हलकी भुसभुशीत बर्फवृष्टी जगात नावाजलेली आहे. पण तेथील साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा माशांपासून केलेला 'दाशी' असतो, आणि डिसेंबरात तेथे सूर्य चारच्या सुमारास मावळतो. काश्मीरही याला अपवाद नाही. तेथे शाकाहारी म्हणून आवर्जून वाढले जाणारे नदरू म्हणजे कमळकाकडी; आपल्या अनेक घरांत ती कंद म्हणून वर्ज्य आहे. हाख ही पालेभाजी मात्र निःशंक घ्यावी, फक्त लसणाविषयी आधी विचारावे.

नातवाने तोडगा काढला : हॉटेलऐवजी स्वयंपाकघरासह अपार्टमेंट घ्यावे. एंगेलबर्ग या गावाचे नावही त्याने लगेच सुचविले, आणि सूचना वाईट नव्हती. ल्युसर्नपासून रेल्वेने पाऊण तास, उंची सुमारे १,००० मीटर म्हणजे आजींच्या श्वासाला त्रास नाही, आणि टिटलिसमुळे भारतीय पर्यटकांची त्या गावाला सवय झालेली. स्की करणाऱ्यांनी गोल फिरणाऱ्या रज्जुमार्गाने ३,००० मीटरवर जावे, आजींनी खाली खिडकीतून बर्फ पाहावा. सारे जुळले असे वाटत असतानाच थोरल्या सूनबाई बोलल्या. "म्हणजे सुट्टी तुमची आणि स्वयंपाकघर माझे. पोळ्या लाटायला मला एवढ्या लांब न्यायचे असेल, तर मी घाटघरलाच राहते. इथली हवाही थंड आहे."

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. आपल्याकडे कुटुंबाच्या सुखसोयींचा विचार करताना ही बाजू बहुतेक वेळा कागदावर येतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. रिसॉर्टच्या श्रीमंतीचे मोजमाप नहाणीघराच्या संगमरवरावरून करण्याची रीत आहे. मी त्यांना दुसरी रीत सुचविली. एका कागदावर नऊ नावे लिहा आणि प्रत्येकाचा सकाळी सहा ते रात्री नऊ हा दिवस मांडा. कोण कोठे असेल, काय खाईल, कोणाच्या सोबतीने असेल. ज्याच्या नावापुढे 'खोलीत बसणे' किंवा 'सर्वांसाठी करणे' असे तीनदा आले, त्याच्यासाठी ती सुट्टी नव्हे. हा तक्ता मांडताच कूर्शव्हेल बाद झाले. तेथे आजींच्या नावापुढे दुसरे काही लिहिताच येईना.

उरले गुलमर्ग. याविषयी मुलांचा समज असा की, ते परदेश परवडत नाही त्यांचे ठिकाण. वस्तुतः १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तेथे स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. सैन्याची उंच प्रदेशातील युद्धशाळा १९४८ पासून तेथे आहे. आणि केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही तेथेच वर्ग चालविते. गाव सुमारे २,६५० मीटरवर. गंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगदोरीपर्यंत, सुमारे ३,०५० मीटरवर नेतो. २००५ चा दुसरा टप्पा अफारवटच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. पंचतारांकित सोयही आता आहे. व्हिसा नाही, टीसीएस नाही, चलनाची झंझट नाही, आणि जानेवारीच्या मध्यास सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. आजींच्या ताटासाठी हा एक तास फार मोलाचा.

परंतु गुलमर्गचे दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पहिला दोष बर्फाच्या भरवशाचा. जानेवारी २०२४ मध्ये तेथे ऐन हंगामात उतार कोरडे होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. म्हणून नाताळाचा आठवडा टाळून जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा आरंभ धरावा. दर उतरलेले असतात आणि बर्फाची शक्यताही अधिक. मुलांच्या शाळेचे काही दिवस बुडतील, हे खरे. दुसरा दोष हिमस्खलनाचा. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफारवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू गाडले गेले. दुसऱ्या टप्प्यावरून, आखलेली वाट सोडून खाली येणे हे तज्ज्ञांचे काम. आपल्या मुलांना तेथून फक्त दृश्य पाहू द्यावे. तिसरी गोष्ट सर्वांच्या मनात होती आणि कोणी उच्चारत नव्हते. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हत्याकांडात आपल्या महाराष्ट्रातील, पुण्यातीलही, कुटुंबे उद्ध्वस्त झाली. ही भीती व्यर्थ आहे असे मी कोणालाही सांगणार नाही. प्रत्येक घराने आपला निर्णय आपण घ्यावा, आणि त्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेता येईल असेच आरक्षण करावे. जास्त भाडे पडले तरी चालेल. तो जादा पैसा म्हणजे विम्याचा हप्ता समजावा.

उत्तराखंडमधील औलीची चौकशी धाकट्या बंधूंनी केली. उतार सुंदर आहेत, नंदादेवीचे दर्शन होते, शासकीय मंडळाचे ७ व १४ दिवसांचे शिक्षणवर्गही होत आले आहेत. परंतु जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तेथून औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला. आलिशान मुक्कामाच्या दृष्टीने तूर्त त्याचा विचार नको, एवढे सांगून मी तो विषय संपविला. ज्यांना मुलांची हौस खरी की क्षणिक हेच पाहायचे असेल, त्यांनी दुबईच्या मॉलमधील २००५ पासूनच्या बंदिस्त बर्फावर दोन तास घालवावेत. कामानिमित्त आपली मंडळी दुबईला जातच असतात.

विम्याविषयी दोन शब्द. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते, म्हणून आपण पॉलिसी घेतो आणि निश्चिंत होतो. परंतु साध्या प्रवास विम्यात अनेकदा हिमखेळ वगळलेले असतात. ते मुद्दाम जोडून घ्यावे लागतात, आणि तरीही आखलेल्या मार्गाबाहेरील अपघात बहुधा वगळलेलेच राहतात. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधांना होणारी इजा फार आढळते. हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च कोण देणार, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधावे. देशांतर्गत प्रवासातही आपल्या आरोग्य विम्यात साहसी खेळांचे कलम काय म्हणते ते वाचून ठेवावे. ही सूचना कंटाळवाणी आहे, हे मी जाणतो.

परत गाडीत बसेपर्यंत निर्णय जवळजवळ झाला होता. आजी म्हणाल्या, "मला बर्फ नुसता बघायचा आहे. दिवस मावळायच्या आत ऊन ऊन वरण-भात पुढ्यात आला, तर कुठेही येईन." त्यावर थोरल्या बंधूंना घरचे महाराज आठवले. स्वित्झर्लंडला त्यांना नेणे व्हिसाच्या आणि खर्चाच्या दृष्टीने अवघड. गुलमर्गला मात्र रेल्वे-विमानाचे एक तिकीट वाढते, इतकेच. स्वयंपाकघर असलेले कॉटेज शोधायचे, महाराजांना बरोबर न्यायचे, त्यांना वेगळी तापती खोली द्यायची. शेवटची अट सूनबाईंची, आणि ती योग्यच होती. तांदूळ, डाळ, पीठ, खाखरे पुण्याहून; भाजी श्रीनगरमध्ये. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. टंगमर्गपासूनच्या चढावर बर्फ असल्यास चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, म्हणून उजेडातच पोहोचायचे. उंचीची सवय व्हावी म्हणून पहिला दिवस श्रीनगरमध्ये विश्रांतीचा. आजींच्या रक्तदाबाची तपासणी निघण्यापूर्वी. नातवासाठी पूर्ण आठवड्याचा शिक्षणवर्ग. अंदाजपत्रक मूळ रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडे वर आले, तेही उचल खात्यातून. सीसीला हात लागला नाही. नातू पूर्णपणे राजी झाला, असे म्हणता येणार नाही. "आम्ही कमावू लागलो की झेरमाट," असे तो म्हणाला, आणि त्याच्या आजीनेच त्याला "जा रे बाबा, अवश्य जा" म्हटले.

माघारीची शेवटची तारीख त्यांनी १० जानेवारी ठेवून घेतली आहे. त्या दिवशी बर्फाच्या आणि सुरक्षिततेच्या बातम्या पाहून घरातील सर्व मोठी माणसे, आजींसह, एकत्र बसतील आणि एकाचाही नकार असेल तर बेत रद्द होईल, असे ठरले आहे.

एक अडचण अद्याप सुटलेली नाही. बर्फातील कपड्यांत आपल्या दृष्टीने पाहण्यासारखे बरेच असते : महागड्या जॅकेटांत बदके-हंसांची पिसे भरलेली असतात, हातमोज्यांचे तळवे चामड्याचे असतात. पिसांऐवजी कृत्रिम तंतू भरलेली जॅकेटे मिळाली, मोजेही मिळाले. आजींच्या पायाला मात्र, सुजणाऱ्या घोट्यावर सैल बसतील, तळवा घसरणार नाही आणि चामड्याचा वा लोकरी कातड्याचा अंशही नसेल, असे उबदार बूट पुण्यातील दुकानांत अजून सापडलेले नाहीत. लहान माप, चार नंबर. वाचकांपैकी कोणास ठिकाण ठाऊक असल्यास मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत कळले तर उपयोग होईल.